रात्री दीडचा तवा

रात्रीचा एक वाजून गेला आहे, साल 1955. तुम्ही काळबादेवी रोडवर उभे आहात. पायाखाली ट्रामचे रूळ आहेत, शेवटची ट्राम केव्हाच निघून गेली. दुकानांच्या फळ्या लागल्या आहेत, पण पेढ्यांच्या वरच्या मजल्यांवर दिवे जळताहेत आणि खाली धोतर-टोपीतली माणसं चार-चारच्या घोळक्याने उभी आहेत. घरी जायचं नाव कोणी काढत नाही. सगळ्यांना न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा भाव हवा आहे. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ मुंबईच्या साडेदहा तास मागे असतं. तिथे दुपारी बाजार उठतो तेव्हा इथे मध्यरात्र उलटून गेलेली असते. तिकडून आकडे आले की कोणाचा सौदा तरला आणि कोणाचा बुडाला ते कळणार. तोवर जागं राहायचं. घरची चूल नऊलाच विझली. पोटाला मात्र आत्ता जाग आली आहे.

वासाच्या मागे चला. गल्लीच्या तोंडाशी, बत्तीच्या उजेडात, एक माणूस कोळशाच्या शेगडीवर तवा तापवून उभा आहे. हा घरातला पोळीचा तवा नाही. जाड लोखंडाचा, मधोमध किंचित खोलगट, दोन माणसांनी मिळून उचलावा असा. तो बोटांनी पाण्याचा शिपका मारतो. थेंब तव्यावर नाचतात आणि नाहीसे होतात. तवा तयार झाला. आधी लोणी, मग लसूण-मिरचीचं लाल वाटण, त्यावर कापलेला टोमॅटो, मग परातीतल्या उकडलेल्या भाज्या आणि शेवटी, सगळ्यात जास्त, उकडलेला बटाटा.

पुढची दहा मिनिटं तिथून हलू नका, कारण सगळं कसब या दहा मिनिटांत आहे. तव्याच्या मध्यभागी जाळ जबर असतो आणि कडेला मंद. त्यामुळे एकाच लोखंडावर त्याला तीन चुली मिळाल्या आहेत: मधे परतायचं, उतारावर ठेचायचं, कडेला गरम ठेवायचं. तो बटाटा ठेचतो तसा त्यातला पिठूळ भाग टोमॅटोचं पाणी आणि लोण्याची चिकणाई दोन्ही पिऊन घेतो. तळाशी थोडं लागतं. लागू द्यायचंच असतं. मग कलथा आडवा धरून तो ते खरवडतो, वर ओंजळभर पाणी सोडतो, वाफेचा लोट उठतो आणि तो तपकिरी खरपूसपणा परत भाजीत मिसळतो. पुन्हा ठेचणं, पुन्हा लागणं, पुन्हा खरवडणं. पातेल्यात शिजवलेल्या भाजीला ही चव कधीही येत नाही, कारण पातेल्यात भाजी स्वतःच्या पाण्यात बसून राहते. तव्यावर तिला सतत उघड्या लोखंडाशी भिडावं लागतं. मिक्सरमधून गुळगुळीत करून, वर लाल रंग घालून जी भाजी आज पुष्कळ ठिकाणी ताटात येते, तिच्यात हाच भाग गाळलेला असतो. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

“शेठ, तिखट चालेल ना?” तो विचारतो, तुम्ही मान हलवेपर्यंत त्याने पाव मधोमध चिरून तव्याच्या कडेवर उपडे टाकलेले असतात. घोळक्यात दोघेजण मागे उभे आहेत. ते जैन आहेत, कंदमुळं खात नाहीत, म्हणून वास घेऊनच थांबले आहेत. त्यांच्या नातवंडांसाठी पुढे याच शहरातले तवेवाले बटाट्याच्या जागी कच्ची केळी उकडून घालतील आणि ‘जैन पावभाजी’ अशी पाटी लावतील. ठेचल्यावर बांधून ठेवणारा पिठूळपणा केळ्यातही असतो, तवेवाल्यांनी ते बरोबर हेरलं.

पावभाजी कापूस बाजाराच्या या रात्रींमध्ये जन्मली असं काळबादेवीकडे सांगतात. परळ-लालबागला विचाराल तर ती गिरणीच्या दारात जन्मली असं ऐकायला मिळतं. मला या दोन्ही हकिगतींत सारखंच दिसतं: अवेळी भूक लागलेला माणूस आणि उघड्यावर पेटलेली शेगडी. बटाट्याचा कुठलाही पदार्थ घ्या, तो कोणत्या प्रांतातला हे विचारण्याआधी तो कोणाला, किती वाजता लागत होता हे विचारावं असं माझं मत आहे. पाककृतीच्या पुस्तकांत प्रमाण असतं, जिन्नस असतात, घड्याळ नसतं.

आता पाव खाता खाता तव्यावर नीट बघा. बटाटा, टोमॅटो, ढोबळी मिरची, वाटणातली लाल मिरची ही सगळी अमेरिका खंडातली पिकं. पाव पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आला. ही मंडळी इथवर एकाच जहाजातून आली असं समजू नका. मधे बरीच ताटातूट आहे. ती बघायला दोनशे वर्षं मागे जाऊ.

पारनेरकडचं एक रान, साल 1750 च्या आसपास, माघातली सकाळ. ज्वारी काढणीला आली आहे. बांधावर तीन दगडांची चूल आहे, त्यावर तवा, आणि एक बाई भाकरी थापते आहे. भाकरी तव्यावर पडली की ती वरून पाण्याचा हात फिरवते, सुकायच्या आत उलटते, मग तवा बाजूला करून भाकरी निखाऱ्याकडे उभी धरते. भाकरी टम्म फुगते. मोकळ्या झालेल्या तव्यावर ती हिरव्या मिरच्या आणि लसूण टाकते, मीठ घालते आणि तांब्याच्या बुडाने तिथेच रगडते. ठसक्याने तुम्हाला खोकला येईल, जरा बाजूला सरा. रानात न्याहारीची वेळ झाली की गड्यांच्या हातात भाकरी आणि त्यावर हा ठेचा.

या तव्यावर मिरची आहे, बटाटा नाही. मिरचीही परदेशीच, पोर्तुगीजांमुळे सोळाव्या शतकात गोव्याकडून आत आलेली. पण दोनशे वर्षांत ती इतकी इथली झाली की या बाईला तिच्या परकेपणाची कल्पनाही नाही. बटाट्याला हे जमलं नाही त्याचं कारण सरळ आहे. मिरचीचं वाळलेलं बी पुरचुंडीत बांधून कुठेही नेता येतं आणि ते उन्हात रुजतं. बटाट्याचं बेणं म्हणजे ओला कंद. तो उष्ण, दमट हवेत कुजतो. शिवाय जमिनीखाली बटाटा धरायला रात्री गार लागतात; रात्रीचं तापमान वीस अंशांच्या वर राहिलं तर झाड नुसतं पाल्याचं वाढतं. कंदाची कोंडी त्याच्या स्वभावातच होती.

त्या स्वभावाचं मूळ पाहायचं तर फार उंच चढावं लागेल. टिटिकाका सरोवराचा परिसर, समुद्रसपाटीपासून 3,800 मीटर, साल 1500, जून महिना. श्वास पुरत नाही, हळू चाला. दिवसा ऊन चटकतं आणि रात्री पाणी गोठतं. याच प्रदेशात सात-आठ हजार वर्षांपूर्वी माणसाने बटाटा माणसाळवला. काढणी चालू आहे. शेतातलीच ढेकळं रचून लोकांनी गुडघाभर उंचीचा घुमट केला आहे, आत जाळ केला आहे. ढेकळं तापून लाल झाली की बटाटे आत टाकायचे आणि घुमट त्यांच्यावरच पाडायचा. अर्ध्या-पाऊण तासाने माती उकरली की बटाटे निघतात, राखेचा आणि मातीचा वास घेऊन. याला इथे ‘वातिया’ म्हणतात. भांडं नाही, तवा नाही. या लोकांकडे लोखंडच नाही. बरोबर तोंडी लावायला काय आहे? दगडावर वाटलेली मिरची! पारनेरच्या बांधावर जिला एकटीला पाहिलं, ती इथे बटाट्याशेजारी बसली आहे. पलीकडे गवतावर पसरलेले बटाटे रात्री गोठतील, सकाळी बाया-मुलं ते पायांनी तुडवून पाणी काढतील, आणि उन्हात वाळवलेला तो ‘चुन्यो’ वर्षानुवर्षं टिकेल. पण आपल्याला इतकं थांबायला वेळ नाही.

साल 1850, महाबळेश्वर. गव्हर्नर जॉन माल्कम यांनी 1828 मध्ये इथे गिरिस्थान वसवायला घेतलं; मालकम पेठ हे नाव त्यांचंच. साडेचार हजार फुटांची उंची, तांबडी माती, गार रात्री. बटाट्याला हवं ते सगळं. ओढ्याकाठच्या बागेत वाकून काम करणारी माणसं इथली नाहीत. हे चिनी आणि मलाय कैदी आहेत, समुद्रापलीकडच्या इंग्रज वसाहतींतून शिक्षा भोगायला या थंड डोंगरावर आणलेले. 1864 मध्ये इथला तुरुंग बंद होईल. तोवर साहेबांच्या टेबलाला लागणारी भाजी हे लोक पिकवत राहतील, त्यात बटाटाही. आपल्या जेवणातल्या इतक्या साध्या गोष्टीमागे, घरापासून हजारो मैलांवर पायात बेडी घालून आणलेल्या माणसांचे हात आहेत, हे आपण विसरू नये. त्यांना कोणत्या वेळी भूक लागत होती, त्यांनी स्वतःच्या वाट्याचा बटाटा कशात शिजवला, याची नोंद ठेवायचं कारण त्या काळी कोणाला वाटलं नाही.

साहेबाच्या टेबलावरून बटाटा मराठी चुलीवर कसा उतरला? त्याला घराघरांत नेलं ते एका वेगळ्याच भुकेने. पंढरपूर, आषाढी एकादशी, 1958 च्या सुमाराची. चंद्रभागेचं वाळवंट माणसांनी भरलेलं आहे. रिमझिम चालू आहे, एका कुटुंबाने घोंगडीचा आडोसा करून तीन दगडांवर तवा ठेवला आहे. दर्शनाच्या रांगेत पहाटेपासून उभं राहून आलेली माणसं आहेत, उपवास आहे आणि दुपार कलली आहे. आजी तव्यावर तूप सोडते, जिरं टाकते, हिरवी मिरची, मग उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, वर शेंगदाण्याचा कूट आणि शेंदेलोण. हळद नाही, मोहरी नाही, हिंग नाही. ते उपवासाला चालत नाहीत. “बस हितं, माऊली,” म्हणून ती तुमच्या पुढ्यातही पानावर दोन चमचे वाढते. ओळख कसली विचारत नाही.

खाता खाता एकदा मोजा. बटाटा अमेरिकेतला, शेंगदाणा अमेरिकेतला, मिरची अमेरिकेतली. शेजारच्या कुटुंबाने निखाऱ्यात भाजलेलं रताळंही तिथलंच. ज्या कसाव्याच्या कंदापासून साबुदाणा करतात तोही. इथल्या मातीत हजारो वर्षं पिकणारे गहू, ज्वारी, तूर आज वर्ज्य आहेत आणि सातासमुद्रापलीकडून आलेले कंद विठोबाच्या उपवासाला चालतात. मला यात विसंगती वाटत नाही. धान्य सोडायचं व्रत होतं, आणि धान्य नसलेलं, पोटाला आधार देणारं असं हे काहीतरी नव्याने हाताशी आलं. बायकांनी ते तपासलं, उपवासाच्या चौकटीत बसवलं. धर्मशास्त्राच्या पोथ्यांआधी हा निर्णय चुलीपाशी झाला असणार, याबद्दल माझी खात्री आहे.

आणि हीच आजी द्वादशीला घरी असती तर? त्याच बटाट्याला मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, कढीपत्ता, वरून लिंबू आणि कोथिंबीर. सणाच्या पानातली पिवळी सुकी भाजी ती हीच. घाईची सकाळ असेल तर पातळ काचऱ्या, सालीसकट, तव्यावर तेल टाकून कडा कुरकुरीत होईपर्यंत परतलेल्या. शाळेच्या डब्यात पोळीबरोबर. कोल्हापूरकडच्या लोणी डोशाच्या गाडीवर डोशाशेजारी बटाट्याची मऊ भाजी येते. गोव्यात सकाळी पोदेराच्या पावाबरोबर सुकी भाजी. नुसती यादी करत बसलं तर रात्र पुरायची नाही, आणि रात्री आपल्याला दुसरीकडे पोचायचं आहे.

लालबाग, 1974, रात्रीचे बारा. भोंगा वाजतो. दुसरी पाळी सुटली, तिसरी आत चालली. दुपारी साडेतीनला आत गेलेली माणसं आता बाहेर पडताहेत, केसांत आणि भुवयांवर कापसाचे तंतू, कानांत अजून साच्यांचा खडखडाट. म्हणून सगळे मोठ्याने बोलताहेत. मुंबईत पहिली कापड गिरणी 1854 मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत हे गिरणगाव उभं राहिलं. रत्नागिरीचा, साताऱ्याचा, कोल्हापूरचा गडी इथे दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा जणांबरोबर राहतो. खोलीत चूल त्याची नाही, तो खानावळीत जेवतो. खानावळवाली बाई पहाटेपासून राबून दहाला पडली आहे. अशा चौदा बायांना एकत्र आणून प्रेमा पुरव पुढच्या वर्षी, 1975 मध्ये, अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करणार आहेत. पण या क्षणी, बाराच्या ठोक्याला, त्या गड्यासाठी चूल पेटलेली आहे ती रस्त्यावर.

गिरणीच्या दारापासून थोड्या अंतरावर तवा तापला आहे. काळबादेवीचा तोच तवा, पण गिऱ्हाईक वेगळं, म्हणून भाजीही वेगळी. लोणी कमी, तिखट जास्त, बटाटा आणखी जास्त, कारण याला जिभेपेक्षा पोट भरायचं आहे. दोन मिनिटांत हातात पडलं पाहिजे. तिसऱ्या पाळीवाल्याला तर आत जायची घाई आहे. त्यासाठी तवेवाल्याने संध्याकाळीच बटाटे उकडून, सोलून ठेवले आहेत. जुना बटाटा वापरतो तो. नव्या बटाट्यात पाणी जास्त असतं, ठेचल्यावर चिकट होतो. साठवलेला जुना बटाटा सुटसुटीत, पिठूळ ठेचला जातो आणि मसाला धरतो. कडेला ठेचून ठेवलेल्या ढिगातून तो पळीभर मधे ओढतो, मसाला, पाण्याचा शिपका, कलथ्याचे चार फटके. ठण-ठण-ठण-ठण! तो आवाज चाळीच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचतो आणि तिथल्या पोरांना कळतं की बाबांची पाळी सुटली.

“मामा, दोन पाव वाढव. आणि कांदा टाक रे जरा.”

“पगार झाला वाटतं!”

“कसला पगार, बदलीवर हाय मी. आज भरली, उद्याचं उद्या.”

त्या गड्याशेजारी उभे राहा. तो बोलत नाही, खातो. लिंबू पिळतो, पावाने थाळी पुसून घेतो. पावभाजीला पुढे हॉटेलात टेबल-खुर्ची मिळाली, लग्नाच्या पंगतीत काउंटर मिळाला, चीज आलं, काय काय आलं. मला ती सर्वात सन्मानाने वाढलेली दिसते ती इथे, कारण आठ तास साच्यापुढे उभं राहिलेल्या माणसाला गरम अन्न मिळण्याची हमी तिने दिली. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर जातील. भोंगे हळूहळू बंद पडतील. पाळ्या संपतील, आणि संपात घरी बसलेल्यांपैकी कितीतरी जण स्वतःच वडापावची, भाजीची गाडी लावतील. कारण रात्री बाराला या रस्त्यावर भूक कशी असते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

इंदूरचा सराफा जाता जाता बघून घ्या, तो आजही रात्री जागतो. होळकरांच्या राजवाड्याजवळची सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांसमोर तवे लागतात. रात्री रस्त्यावर वर्दळ राहिली तर दुकानांची राखण होते, म्हणून सराफांनीच खाण्याच्या गाड्यांना जागा दिली असं तिथले मराठी लोकही सांगतात. परातीएवढ्या तव्यावर आलूच्या टिकिया रांगेने खरपूस होत असतात, आणि थंडीत शेजारी गराडू नावाचा कंद. इथे भूक कामाची नाही, रात्रीच्या फेरफटक्याची आहे. म्हणून टिकियेवर दही, चिंचेची चटणी, शेव, निवांतपणाचे थर.

शेवटी आजच्या सालात या. ऑक्टोबर, आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार, सकाळचे अकरा. जून-जुलैच्या पावसावर इथे बटाटा लावतात, बेणं ट्रकने पंजाबातून, जालंधरकडून येतं. कुफरी ज्योती हे वाण सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने 1968 मध्ये दिलं, कुफरी पुखराज 1998 मध्ये. आता चिप्सच्या कंपन्यांसाठी करारावर वेगळी वाणंही लावली जातात. सऱ्या उकरलेल्या आहेत, बाया ओळीने बसून बटाटे वेचताहेत. मोठा माल गोण्यांत भरून मंचरच्या बाजाराला निघेल. बारीक बटाट्यांना भाव नसतो. ते बांधाला वेगळे पडले आहेत, सुपारीपेक्षा थोडे मोठे, साल इतकी कोवळी की अंगठ्याने निघेल.

सकाळी सातला कामावर आलेल्या बायांची ही जेवायची वेळ. भाकरी घरून आणली आहे. कालवण मात्र इथेच होणार. तीन दगड, वाळलेल्या काटक्या, तवा. एकीने बारीक बटाटे पाण्यातून खळबळून काढले, दोन-दोन फोडी केल्या आणि तेलात टाकले. नवे बटाटे, ठेचायचे नाहीत, ते काम जुन्याचं. वर झाकण म्हणून ताट उपडं घातलं, ताटावर पाणी ओतलं, म्हणजे खाली वाफ कोंडते आणि फोडी करपत नाहीत. सात-आठ मिनिटांनी झाकण काढलं, मीठ, शेंगदाण्याचा जाडा कूट, आणि घरच्या येसर मसाल्याचा एक भला मोठा चमचा. कडा लाल झाल्या. तुम्ही मदत म्हणून एक फोड उचलून साल काढायला जाता, तेवढ्यात शेजारची आजी तुमच्या हातावर चापट मारते.

“साल नका काढू ताई. सालीतच तर चव हाय. घ्या, भाकरी घ्या, परत बारापास्नं गोण्या भरायच्यात.”